वेशीपलीकडचा कायदा

सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला सीमा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा आपला रिवाज पडला. सोयरीक मात्र काटोल-वरुडशी चालूच राहिली. हद्द ओलांडली की काही कायदेही बदलतात, हे आपण जाणतो. हेच जाणून काही आईबाप एके काळी लेकरांना हद्दीपार नेत असत.

हरबिलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे वय किमान १४, मुलाचे १८. त्याआधी आपल्या मध्य प्रांतातील डॉ. हरिसिंग गौर यांनी संमतिवय वाढवण्याचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले होते. पण सारडा कायदा ब्रिटिश मुलखापुरताच होता. बडोद्याने १९०४ सालीच स्वतःचा कायदा केला होता. सगळी संस्थाने मात्र बडोद्यासारखी नव्हती. मग वऱ्हाड संस्थानी हद्दीत न्यायचे, अक्षता टाकायच्या आणि परतायचे! १९३८ च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली. ब्रिटिश प्रजाजन हिंदुस्थानात कुठेही असो, कायदा त्याला लागू झाला. २००६ चा कायदा तर परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे.

हीच कथा विलायतेत घडली. मुलींचा खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, ब्रिटनने १९८५ साली बंद केली. तरी मुलींना परदेशी नेण्याची वाट उघडीच होती. ती २००३ च्या कायद्याने अडवली. पण २००६ साली तीन वर्षांच्या मुलीला केनियात नेणारी बाई दोषी ठरली ती २०२३ साली. तोवर ती मुलगी वयात आली होती. भारतात या प्रथेविरुद्धची याचिका २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २०१८ साली ती घटनापीठाकडे सोपवण्यात आली.

झालेली इजा शिक्षेने भरून येत नाही. म्हणून आधी अडवणे महत्त्वाचे. २००६ च्या कायद्याप्रमाणे कोणीही खबर दिली, तरी न्यायदंडाधिकारी बालविवाहास मनाई करू शकतो, आणि ती मोडून लावलेले लग्न रद्दबातल ठरते. अक्षय तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यावर आहे. २०२३ पासून पांढुर्णा हाच जिल्हा झाल्याने तोही आता छिंदवाड्याइतका दूर नाही. खबर देणारा माणूस मात्र गावातूनच उठावा लागतो.