वोल्मन, एबल

(१० जून १८९२–२२ फेब्रुवारी १९८९). अमेरिकन आरोग्य अभियंता. पिण्याच्या पाण्यात घालावयाच्या क्लोरिनाची मात्रा अंदाजाने न ठरविता पाण्याच्या परीक्षणावरून ठरविण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यांना व त्यांचे सहकारी लिन एच्. एन्स्लो या रसायनशास्त्रज्ञांना दिले जाते. त्यांचा जन्म मेरिलंड राज्यातील बॉल्टिमोर येथे, पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. त्यांचा ओढा वैद्यकाकडे होता. तथापि घरच्यांच्या आग्रहावरून ते अभियांत्रिकीकडे वळले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी बी.ए. (१९१३) व अभियांत्रिकीतील बी.एस्. (१९१५) या पदव्या संपादन केल्या. त्याच सुमारास ते मेरिलंड राज्याच्या आरोग्य खात्यात दाखल झाले व १९२२–३९ या काळात तेथे मुख्य अभियंता होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत आंत्रज्वराने दरवर्षी हजारो माणसे दगावत. एका गावाचे वाहितमल ज्या नदीत सोडले जाई, तिचेच पाणी पुढचे गाव पीत असे. न्यू जर्सीतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात १९०८ साली जॉन लील व जॉर्ज फुलर यांनी क्लोरिनाची संयुगे नियमितपणे वापरण्यास सुरुवात केली आणि पुढे न्यायालयातही हा उपाय ग्राह्य ठरला. उपाय गुणकारी खरा. पण त्याची मात्रा कोणास नेमकी ठाऊक नव्हती. पाण्यात घातलेल्या क्लोरिनापैकी काही भाग सेंद्रिय द्रव्ये, लोह, अमोनिया इत्यादींशी होणाऱ्या विक्रियेत खर्ची पडतो आणि उरलेला भागच पुढे जंतूंचा बंदोबस्त करू शकतो. हा खर्च प्रत्येक नदीत, किंबहुना एकाच नदीत पावसाळ्यात व उन्हाळ्यात, निराळा असतो. त्यामुळे ठराविक मात्रा घातली असता ती कधी अपुरी पडून रोग फैलावे, तर कधी जास्त होऊन पाण्याला उग्र वास येई. अशा पाण्यावर लोकांचा विश्वास बसत नसे व ते खुशाल जवळच्या दूषित विहिरीकडे वळत. हा दुसरा धोका पहिल्याइतकाच खरा होता.

वोल्मन व एन्स्लो यांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाण्याची क्लोरीन शोषून घेण्याची क्षमता आधी मोजावी आणि तिच्यावरून मात्रा ठरवावी, असा मार्ग दाखविला. हे परीक्षण लहान गावच्या जलकेंद्रातील सामान्य कामगारालाही करता येण्याजोगे होते, आणि त्यातच त्याचे महत्त्व होते. शिवाय वोल्मन संशोधकाबरोबरच शासकीय अधिकारीही होते. पाणीपुरवठा व मलनिःसारण यांच्या आराखड्यांना आरोग्य खात्याची मंजुरी लागत असल्याने प्रयोगशाळेतील निष्कर्ष राज्यभरच्या जलकेंद्रांत अमलात आणणे त्यांना शक्य झाले. अवशिष्ट क्लोरीन ओळखण्यासाठी ऑर्थोटोलिडीन हे रसायन टाकून पाण्यास येणारा पिवळा रंग पाहण्याची रीत तेव्हा उपलब्ध झालेली होती. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या विहिरींत व नळयोजनांत विरंजक चूर्ण टाकल्यानंतर घेतली जाणारी ‘ओ.टी.’ चाचणी याच रीतीची आहे.

खात्यात असतानाच वोल्मन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन करू लागले; १९३७–६२ या काळात ते तेथे आरोग्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. बॉल्टिमोरच्या पाणीपुरवठ्याच्या नियोजनात त्यांचा मोठा वाटा आहे. शहराचे शुद्धीकरण केलेले वाहितमल स्पॅरोज पॉइंट येथील पोलाद कारखान्यास पुरविण्याची योजना १९४२ साली सुरू झाली, तिचाही त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. गोड्या पाण्याची बचत साधणारी ही योजना त्या काळी धाडसीच म्हटली पाहिजे. अणुऊर्जा आयोगाच्या अणुभट्टी सुरक्षा समितीचे ते सदस्य होते. जागतिक आरोग्य संघटना, इझ्राएल व इतर अनेक देशांचे शासन यांनी त्यांचा सल्ला घेतला.

‘शहरांचा चयापचय’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा १९६५ मधील लेख विशेष प्रसिद्ध आहे. दहा लक्ष वस्तीच्या काल्पनिक अमेरिकन शहरात दररोज ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन व २,००० टन अन्न येते आणि ५,००,००० टन मैलापाणी, २,००० टन कचरा व ९५० टन हवाप्रदूषके बाहेर पडतात, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला. नगररचनेच्या अभ्यासात ही कल्पना पुढे पुष्कळ वापरली गेली.

क्लोरीन व पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये यांच्यापासून क्लोरोफॉर्मासारखी अपायकारक संयुगे तयार होतात, असे १९७४ मध्ये आढळून आले. त्यामुळे मात्रेची काटेकोर मोजणी अधिकच आवश्यक झाली. मात्र या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात कसूर करू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटना (१९३९) व अमेरिकन जलकार्य संघटना (१९४२) यांचे ते अध्यक्ष होते. राष्ट्रीय विज्ञान पदक (१९७४) व टायलर पारितोषिक (१९७६) हे सन्मान त्यांना मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही ते सल्लागार म्हणून काम करीत होते. बॉल्टिमोर येथे ते मरण पावले.