बाटलीवरचे नाव आणि आतली चांदी

चांदी आपल्या घराला नवी नाही. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी, पेढ्या-बर्फीवर वर्ख, वैद्यांकडे रौप्यभस्म. म्हणूनच परदेशातल्या मुलाने किंवा भाच्याने ‘कोलॉइडल सिल्व्हर’ची बाटली आणून दिली, की ती आपल्याला परकी वाटत नाही. चांदीच तर आहे, रोज चमचाभर घेतली तर काय बिघडले, असे आपण म्हणतो. काय बिघडते ते कळण्यासाठी या बाटलीवर चिकटवलेल्या कागदाचा इतिहास पाहिला पाहिजे. बाटलीवरचे नाव आणि आतला माल यांचा मेळ या औषधात सुरुवातीपासूनच कच्चा राहिला आहे.

‘कोलॉइड’ हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम याने १८६१ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेतल्या सरस या अर्थाच्या शब्दावरून तो आला. मराठीत आपण त्याला कलिल म्हणतो. पदार्थ पूर्ण विरघळलेला नाही आणि तळाशीही बसत नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत राहतात, अशी ही अवस्था.

चांदीचा वैद्यकातला उपयोग खरा होता. जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली. आईकडून येणाऱ्या परम्याच्या संसर्गाने बाळांचे डोळे जात. त्यांच्या प्रसूतिगृहात हे प्रमाण दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. पण सिल्व्हर नायट्रेट झोंबते, नाजूक त्वचा भाजते. तेव्हा चांदी प्रथिनात बांधून सौम्य करण्याची खटपट सुरू झाली.

त्यातून १९०२ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे अल्बर्ट बार्न्स आणि हर्मन हिले यांनी ‘आर्जिरॉल’ बाजारात आणले. डोळे, नाक, घसा, सगळीकडे ते वापरले जाई. बनवण्याच्या कृतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. पेटंट घेतले तर कृती उघड करावी लागते, म्हणून ती गुप्तच ठेवली. पुढे बार्न्स यांनी १९२९ मध्ये कंपनी विकली. आज जगप्रसिद्ध असलेला त्यांचा चित्रसंग्रह याच पैशातून उभा राहिला.

आता नावांची गंमत पाहा. अमेरिकेच्या औषधकोशात चांदी-प्रथिनाचे दोन प्रकार होते, ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’. तीव्र प्रकारात चांदी सुमारे आठ टक्के, तर सौम्य प्रकारात १९ ते २३ टक्के! तीव्र-सौम्य ही नावे द्रवात मोकळ्या होणाऱ्या चांदीवरून, म्हणजे झोंबण्यावरून पडली होती. आत एकूण चांदी किती, हे त्यावरून कळत नव्हते. ‘सौम्य’ वाचून माणूस निर्धास्तपणे वर्षानुवर्षे नाकात थेंब घालत राही आणि जास्त चांदी त्याच्याच अंगात साठे.

साठलेली चांदी त्वचेत उतरते आणि उजेडाने, जुन्या फोटोच्या काचेसारखी, काळवंडते. चेहरा आणि नखे निळसर-राखी होतात. याला आर्जिरिया म्हणतात. हा रंग कोणत्याही औषधाने उतरत नाही. १९३९ मध्ये हिल आणि पिल्सबरी या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांवर सबंध ग्रंथच लिहिला. पुढे प्रतिजैविके आली आणि पोटात घ्यायची चांदी मागे पडली.

ती परत आली विसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेत १९९४ मध्ये आहार-पूरकांचा कायदा झाला. त्यानुसार पूरक विकण्याआधी ते गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. १९९९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, बिनचिठ्ठीच्या औषधांतली कोलॉइडल चांदी सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही, असा नियम केला. पण ‘औषध’ म्हणून बंद झालेली बाटली ‘पूरक’ म्हणून विकता येत राहिली. घेणाऱ्याच्या हाती आधार उरला तो फक्त लेबलचा.

ते लेबल किती खरे? अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांत चांदीचे प्रमाण छापील आकड्याच्या १५.२ टक्क्यांपासून १२४ टक्क्यांपर्यंत आढळले. शिवाय ‘कोलॉइडल’ या एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ विकले जातात. खरे कलिल सहसा पिवळसर दिसते आणि त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तर त्याची वाट उजळते. पाण्यासारख्या स्वच्छ बाटलीत बहुतांशी विरघळलेली, म्हणजे आयनरूप चांदी असते. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की तिचे न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड होते. तिसरे म्हणजे तेच जुने चांदी-प्रथिन.

हिशेब करून पाहा. अमेरिकी पर्यावरण संस्थेने आर्जिरियाच्या नोंदींवरून ठरवलेली मर्यादा ७० किलोच्या माणसाला दिवसाला ०.३५ मिलीग्रॅम चांदी इतकी आहे. दहा पीपीएमच्या चमचाभर, म्हणजे पाच मिलीलिटर द्रवात ०.०५ मिलीग्रॅम चांदी येते. तोच द्रव ५०० पीपीएमचा असेल तर चमच्यात अडीच मिलीग्रॅम, मर्यादेच्या सातपट. चमचा तोच, बाटलीवरचे नावही तेच.

माझ्या शास्त्राचे नावही यात वापरले गेले आहे आणि ते मी लपवणार नाही. जखमेवर लावायच्या चांदीच्या काही जेलवर ‘होमिओपॅथिक, १० एक्स’ असे छापून शेजारी २० पीपीएम असेही छापलेले असते. १० एक्स म्हणजे एक हजार कोटी भागांत एक भाग. २० पीपीएम म्हणजे पन्नास हजारांत एक. दोहोंत दोन लाख पटींचा फरक आहे. एकाच चांदीबद्दल दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. अर्जेंटम देणाऱ्या माझ्यासारख्या होमिओपॅथनेच हे आधी सांगायला हवे.

जैन म्हणून आणखी एक गोष्ट बोचते. चांदी-प्रथिनातले प्रथिन पुष्कळदा जिलेटिन असते, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेला सरसच. बाटलीवर मोठ्या अक्षरांत फक्त ‘सिल्व्हर’. वर्खाचेही असेच होते. वर्ख चांदीचाच, पण तो कुटला जाई जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांत, आणि मिठाईच्या खोक्यावर त्याचा उल्लेख नसे. २०१६ मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरू नये असा नियम केला. मागणाऱ्यांनी चिकाटी धरली म्हणून तो झाला.

चांदी वाईट नाही. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आजही लावतात. पण बाटली घरी आली, तर पिण्याआधी तीन प्रश्न विचारा. आत चांदी कोणत्या रूपात आहे? किती मिलीग्रॅम आहे? कशात बांधली आहे? उत्तर मिळाले नाही तर बाटली बंद राहू द्या. उत्तर मिळाले तरी पोटात घेतलेल्या चांदीने एखादा रोग बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. थायरॉइडची गोळी किंवा काही प्रतिजैविके चालू असतील, तर ही चांदी त्यांचे शोषण कमी करू शकते. तेव्हा आपल्या डॉक्टरांपासून ही बाटली लपवू नका. मुलाला किंवा भाच्याला वाईट वाटेल म्हणून ती पिऊ नका. त्याने माया म्हणून आणली आहे; आत काय आहे, हे बहुधा त्यालाही कोणी सांगितलेले नाही.