किल्लारीच्या भिंती

निजामाच्या अमदानीत नांदलेल्या तेरणाकाठच्या गावांतील घरे परक्या माणसास लहानशा गढ्यांसारखी भासत. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंती, रस्त्याच्या अंगास क्वचितच एखादी खिडकी, आणि आत लाकडी खांबांवर तुळया टाकून केलेले माळवद. घर मोजायचे ते खणांनी, आणि घरधन्याची ऐपतही बहुधा त्याच मापाने. उन्हाचा ताप आणि दरोड्याचे भय या दोहोंवर योजलेला हा उपाय इतका कामास आला की, त्यात उणे शोधण्याची गरजच कोणास पडली नाही. माळवद गळू लागले की त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर दाबावयाचा, हा रिवाज. जुना थर उतरविण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे, आणि निजणाऱ्यांच्या डोक्यावरील ओझे पिढ्यानुपिढ्या वाढत गेले.

दख्खनचे पठार अचल, हा समज कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाने हलविला खरा. परंतु त्याचा दोष धरणाकडे गेला आणि मराठवाडा निश्चिंत राहिला. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीस धक्के बसू लागले, तेव्हा लोक भयभीत झाले. पुढे जमीन शांत झाली आणि भयही ओसरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चारच्या सुमारास भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर. एवढ्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसे जावीत, याचे कारण भूगर्भाइतकेच भिंतीतही शोधावे लागते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग निरनिराळे रचून मधली पोकळी दगडगोट्यांनी भरलेली, आणि दोन्ही अंगांस सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादऱ्यासरशी अंगे फुगून अलग झाली व ढासळली. लाकडी सांगाडा जेथे बळकट होता, तेथे भिंती पडूनही माळवद खांबांवर तगून राहिल्याची उदाहरणे आढळली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने बावन्न गावे नव्या जागी वसविली. घरांचे क्षेत्र जमिनीच्या धारणेवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम खातेदारास ४००, मोठ्यास ७५०. भूकंपाने एका रात्रीत पुसलेली तफावत जमाबंदीच्या दप्तराने अशी पुन्हा रेखून दिली, हे मला खटकते. रुंद, सरळ रस्त्यांची ही गावे नकाशावर नेटकी दिसली, तरी जुन्या आळीतील शेजार मात्र त्यांत विखुरला.

त्या मानाने तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीचे काम थोडे गाजले, आणि माझ्या मते अधिक मोलाचे ठरले. त्याची व्याप्ती शेकडो गावांची. पैसा हप्त्याहप्त्याने घरधन्याच्याच हाती. लोकांची दगडावरची श्रद्धा उडाली होती, प्रत्येकास सिमेंटची खोली हवी होती. परंतु जुन्या भिंतीत जोडदगड घालावा, वरून घरास पट्टा बांधावा, माळवदावरची माती हलकी करावी, एवढ्याने पूर्वीचेच घर पुष्कळ सुरक्षित होते, हे पटवून देणे हाच कामाचा अवघड भाग होता. अभियंत्याच्या शब्दापेक्षा गावातील बाईचा शब्द येथे अधिक चालला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावी नेमलेल्या संवाद सहाय्यक स्त्रिया घरोघर फिरल्या, हप्त्यांचा हिशेब त्यांनी समजावून दिला आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली; २००१ साली कच्छ हादरले तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी तेथील बायांस हेच सांगावयास गेल्या.