सोळाने गुणलेली पृथ्वी

पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं, की लोणावळ्याचे रस्ते गाड्यांनी भरून जातात. हे धरण मात्र सहलीसाठी बांधलेलं नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून जीआयपी रेल्वेने ते बांधलं. एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग पुरा झाला, मुंबई आणि पुणे सलग रुळांनी जोडली गेली आणि रुळांपाठोपाठ रेल्वेची वेळ मावळात आली.

पुढे ही वेळ मद्रासची झाली. मद्रास लोणावळ्याच्या पूर्वेला जवळजवळ सात अंशांवर. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. लोणावळ्यात मध्यान्ह झाली, की मद्रासच्या वेळेने साधारण १२ वाजून २७ मिनिटं झालेली असायची. मुंबईकरांना ही परकी वेळ रुचली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. आजची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे लोणावळ्यातली मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी होते. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते टिपत राहिलं, तर शाळकरी मुलालाही हे पडताळता येतं.

सूर्य सगळ्यांच्या माथ्यावर एकाच वेळी येत नाही, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या एका गणितज्ञाला रेल्वेच्या सातशे वर्षं आधी पक्कं ठाऊक होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातल्या गोलाध्यायात ते थेट विचारतात : पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य सगळ्यांना सदैव का दिसत नाही? तो मेरू पर्वताआड गेल्याने रात्र होत असेल, तर मधला मेरू का दिसत नाही? जमीन सपाट का भासते, तेही ते सांगतात. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, आणि माणसाच्या नजरेत तर त्याहूनही थोडा येतो.

मग येतं मोजमाप. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे. तेवढं अंतर मोजा आणि सोळाने गुणा. आठशेहून अधिक वर्षांनीही ही रीत वाचताना मन भरून येतं, कारण इथे वाचकाच्या हाती थेट मोजपट्टीच दिली आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. १८३६ मध्ये सीहोरच्या सुबाजी बापूंनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ मराठीत लिहून पौराणिक भूगोलापुढे पुन्हा हाच गोल मांडला.

आज मोजपट्टीचं काम विमान करतं. बंगळूर आणि दिल्ली जवळपास एकाच रेखांशावर आहेत. अक्षांशांत फरक १५.४ अंशांचा, हवाई अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. ३६० ला १५.४ ने भागून आलेल्या आकड्याने १,७०० ला गुणलं, की जवळजवळ ४०,००० किलोमीटर येतात. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

सपाट पृथ्वी मानणारे एवढ्यावर अडत नाहीत. त्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि उत्तर-दक्षिण अंतरं बरोबरच येतात. त्यांची खरी अडचण दक्षिणेत होते. सिडनी आणि सँटियागो दोन्ही त्या नकाशात मध्यापासून सुमारे १३,७०० किलोमीटरवर, आणि दोघांमधला कोन १३८ अंशांचा. शाळेतल्या त्रिकोणमितीने त्यांच्यातलं सरळ अंतर काढलं, तर ते २५,६०० किलोमीटर भरतं. ताशी ९०० किलोमीटरने उडालं, तरी २८ तास हवेत. गोलावर हेच अंतर ११,३०० किलोमीटर.

क्वांटास या विमान कंपनीने सिडनी-सँटियागो विनाथांबा सेवा २०१२ मध्ये सुरू केली. वारा एका बाजूने ढकलतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. म्हणून एकाच फेरीच्या वेळेवर निकाल देऊ नये, जाण्यायेण्याची सरासरी काढावी. जाताना साडेबारा तास, परतताना चौदाच्या आसपास. सरासरी तेरा तासांची, आणि २५,६०० किलोमीटर न थांबता कापेल एवढं इंधन तर कुठलंच प्रवासी विमान नेत नाही.