ब्रेक दाबल्यावर शेवटी वेग किती उरतो?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एक कार ताशी ८० किमी वेगाने चालली आहे. शेजारच्या लेनमधून दुसरी कार ताशी १०० ने तिला ओलांडते आहे. पुढे बंद पडलेला ट्रेलर दोन्ही लेन अडवून आडवा उभा. दोन्ही गाड्यांचे ब्रेक एकाच जागी, सारख्याच जोराने लागले आणि पहिली कार ट्रेलरला टेकता टेकता थांबली. मग दुसरी कार ट्रेलरपाशी पोहोचली तेव्हा तिचा वेग किती होता?

बहुतेक जण २० म्हणतात. बरोबर उत्तर आहे ६०.

वेग ठरावीक दराने बदलत असेल, तर अंतिम वेग काढायची शाळेतली दोन सूत्रे आहेत. किती वेळ गेला हे माहीत असेल तर:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + (त्वरण × वेळ)

इथे मात्र दोघांना सारखे मिळाले ते अंतर, वेळ नव्हे. म्हणून दुसरे सूत्र लागते:

अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + (२ × त्वरण × अंतर)

ब्रेक लावल्यावर त्वरण ऋण असते, म्हणजे वजाबाकी होते. पहिल्या कारचा अंतिम वेग शून्य, त्यामुळे तिच्यातून वजा झाले ८० चा वर्ग, ६४००. तेवढेच दुसरीतून वजा करा: १०,००० − ६४०० = ३६००. त्याचे वर्गमूळ ६०.

रस्ता ओला असो वा कोरडा, दोघींचे ब्रेक सारखे लागले तर हे ६० बदलत नाही. बदलते ते थांबायचे अंतर. ते काढताना वेगाला ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद करून घ्यायचे (परीक्षेत गुण इथेच जातात). कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असे धरले, तर ८० ची कार सुमारे ३५ मीटरवर थांबते, १०० ची सुमारे ५५ वर.

असे का होते? वेगातली कार तेच ३५ मीटर लवकर पार करते, त्यामुळे ब्रेकला काम करायला वेळच कमी मिळतो.

शिवाय ट्रेलर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात ८० ची कार २२ मीटर पुढे सरकते, १०० ची जवळपास २८. तो सेकंद हिशेबात धरला, आणि पहिली कार तरीही जेमतेम थांबली असे मानले, तर दुसरी ट्रेलरवर आदळते ती ताशी सुमारे ६८ किमी वेगाने.