बांतेनची बखर व तीन प्रबंध

मुसलमान समाजाच्या इतिहासावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळवूं इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकानें कोणती तयारी करावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. अरबी-फारसी शिकावी, अस्सल कागद वाचावे, प्रती ताडून पाहाव्या, हें नेहमींचें उत्तर खरें आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. कागद तेच असले तरी प्रश्न कोण विचारतो व कशासाठीं विचारतो, ह्यावर त्यांतून निघणारें उत्तर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. हें स्पष्ट व्हावें म्हणून हॉलंडांतील विद्यापीठांत १८८०, १९१३ व १९६६ ह्या सालीं सादर झालेले तीन प्रबंध प्रस्तुत लेखांत विचारार्थ घेतले आहेत. जावा बेटाच्या पश्चिम टोंकास असलेला बांतेन प्रांत हा त्यांना जोडणारा दुवा होय. पहिल्या प्रबंधाचा त्या प्रांताशीं वरवर पाहतां कांहींच संबंध दिसत नाहीं. तो कसा जुळतो, हें पुढें दिसून येईल.

स्नूक हुर्खोन्ये (१८५७–१९३६) ह्यानें लायडन येथें १८८० सालीं मक्केच्या यात्रेवर प्रबंध लिहिला. हजच्या विधींत इस्लामपूर्व अरबी आचारांचा अंश किती आणि इब्राहीमाशीं त्या स्थानाचा संबंध केव्हां जोडला गेला, हा त्याचा विषय होता. ग्रंथांची छाननी उत्तम होती. पण लेखकानें तोंपर्यंत मक्का पाहिलेली नव्हती. ही उणीव त्यानें पुढें भरून काढली. १८८५ सालीं अब्दुल गफार हें नांव धारण करून, मुसलमान म्हणून तो सुमारें सहा महिने मक्केंत राहिला व तुर्की अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून त्याला ती सोडावी लागली. तेथील नित्य जीवनाचें त्यानें लिहिलेलें वर्णन अद्यापि अभ्यासकांना आधारभूत वाटतें. मक्केंत राहणाऱ्या जावी लोकांमध्यें बांतेनचे दोन पुरुष त्यानें विशेष निरखले. एक ग्रंथकर्ता शेख नववी व दुसरा कादिरिया-नक्शबंदिया पंथाचा प्रमुख अब्दुल करीम. आपल्या दुव्याचें पहिलें टोंक तें हेंच.

परंतु ह्या ज्ञानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८९ ते १९०६ पर्यंत स्नूक डच सरकारचा सल्लागार म्हणून त्या बेटांत होता. सुमात्राच्या उत्तरेकडील आचे राज्याशीं डचांचें युद्ध १८७३ पासून चाललें होतें. आचेच्या समाजाचा त्यानें जो सूक्ष्म अभ्यास केला, त्यांतूनच उलेमांच्या पुढारीपणाखालील प्रतिकार कठोरपणें मोडावा व स्थानिक सरदारांना हाताशीं धरावें, हा सल्ला निघाला. अभ्यास खोटा होता असें नव्हे. तो बिनचूक होता, म्हणूनच लष्कराला उपयोगी पडला. ज्या लोकांनीं विश्वासानें घराचीं दारें उघडलीं, त्यांच्याविरुद्ध त्या ज्ञानाचा उपयोग व्हावा काय, हा प्रश्न त्या प्रबंधकर्त्याच्या कीर्तीस कायमचा चिकटला आहे.

दुसरा प्रबंधकर्ता हुसेन जयादिनिंग्रत (१८८६–१९६०) हा ह्याच स्नूकचा शिष्य. बांतेनांतील सेरांगच्या रीजंटाच्या, म्हणजे डच अमलाखालील देशी जिल्हाधिकाऱ्याच्या, घराण्यांत त्याचा जन्म झाला. लायडन येथें १९१३ सालीं त्यानें ‘सजारा बांतेन’ ह्या जावी भाषेंतील पद्यमय बखरीची चिकित्सा प्रबंधरूपानें सादर केली. डॉक्टरची पदवी मिळविणारा तो पहिला इंडोनेशियन मानला जातो. हा ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्यांत वंशावळी आहेत, पीरांचे चमत्कार आहेत आणि राजकीय घडामोडीही आहेत. आपल्या बखरी वाचणारास हें मिश्रण परिचयाचें वाटेल. राजा मौलाना मुहंमद पालेंबांगवरील स्वारींत मारला गेला व मागें तान्हें मूल उरलें, असें बखर सांगते. १५९६ सालीं पहिलीं डच गलबतें बांतेनच्या बंदरांत आलीं, तेव्हां गादीवर बालकच होतें. येथें बखर व परक्यांचे कागद एकमेकांस दुजोरा देतात.

जेथें असा दुजोरा मिळत नाहीं तेथें खरी कसोटी लागते. फालेतेहान नांवाच्या एका पुरुषानें सुंदा कलापा, म्हणजे आजचें जकार्ता, १५२७ च्या सुमारास घेतलें, असा पोर्तुगीज इतिहासकार बारुश ह्याच्या ग्रंथाचा आधार आहे. हा फालेतेहान व बांतेनच्या राजवंशाचा मूळपुरुष सुनान गुनुंग जाती हे एकच, असें हुसेननें ठरविलें. पुढें हें मत वादग्रस्त झालें; दोन व्यक्ती भिन्न मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मत टिको वा न टिको, आपल्याच पूर्वजांच्या बखरीस त्यानें भक्तीनें झांकलें नाहीं कीं तुच्छतेनें फेंकून दिलें नाहीं, हें त्याचें खरें यश होय. मात्र त्याचा प्रश्न राजवंशापुरताच राहिला.

राजवाड्याबाहेर दृष्टि टाकली ती सार्तोनो कार्तोदिर्जो (१९२१–२००७) ह्यानें. बांतेनांतील चिलेगोन येथें जुलै १८८८ मध्यें हाजी वासिद प्रभृतींच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें व तें थोड्याच आठवड्यांत मोडलें गेलें. डच दफ्तरांत तें धर्मवेडाचें प्रकरण म्हणून नोंदलें गेलें होतें. सार्तोनोनें १९६६ सालीं आम्स्टरडॅम येथें सादर केलेल्या प्रबंधांत त्याच दफ्तराला निराळे प्रश्न विचारले: कर कोणते होते, जुनीं घराणीं कशीं खचलीं, गुरुशिष्यांचें जाळें खेड्याखेड्यांत कसें पसरलें? ह्या जाळ्याचा माग काढीत गेल्यास आपण मक्केंतील त्याच अब्दुल करीमाच्या शिष्यपरंपरेशीं येऊन पोंचतों. स्नूकनें जो गुरु पाहिला, त्याच्या शिकवणीचा आपल्या गांवीं काय परिणाम झाला, हें राजा किंवा सरकार ह्यांच्या बाजूनें नव्हे, तर बंडवाल्यांच्या बाजूनें सांगणारा हा प्रबंध होय.

महाराष्ट्रांतही ह्या विषयास क्षेत्र मोठें आहे. विजापूरच्या आश्रयानें लिहिलेला फिरिश्त्याचा ग्रंथ आपण राजकारणासाठीं पुष्कळ वाचला. पण दाभोळ बंदरांतून मक्केच्या वाटेस लागलेला यात्रेकरू, गांवचा काजी, दर्ग्याचा इनामदार मुजावर व त्याच्या जमिनी कसणारा कुणबी, ह्यांच्यासाठीं तेच कागद पुन्हां उलगडले पाहिजेत. असें काम हातीं घेणारानें भाषा शिकावी, प्रती ताडाव्या आणि शेवटीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: ज्यांच्याविषयीं मी लिहितों त्यांच्यापुढें हा प्रबंध वाचून दाखविण्याची माझी तयारी आहे काय? स्नूकच्या विद्वत्तेस तोड नव्हती. पण आचेंत त्याला हें करतां आलें असतें असें वाटत नाहीं.