रेल्वेचं मस्टर आणि हार्ट अटॅक

'तुपानं नाही, तेलानं हार्ट अटॅक येतो' असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवरही कधीतरी येऊन गेला असेल. पुरावा म्हणून त्यात कधीकधी रेल्वे कर्मचाऱ्यांवरच्या भारतीय संशोधनाचं नाव असतं. ते संशोधन खरंच झालेलं आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्यानं मुळातून वाचावं इतकं चांगलंही आहे. फक्त ते जे सांगतं आणि मेसेज जे सांगतो, त्यात बरंच अंतर आहे.

पेपर 1967चा, 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधला. लेखक डॉ. एस. एल. मल्होत्रा, पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुक्काम मुंबई. भारतीय रेल्वेतले 18 ते 55 वयाचे सुमारे साडेअकरा लाख कर्मचारी आणि त्यांच्यातले हृदयविकाराचे मृत्यू, एवढा त्याचा पसारा. दक्षिणेतला मृत्युदर उत्तरेच्या, म्हणजे मुख्यतः पंजाबकडच्या, जवळपास सातपट निघाला. बरं, तेव्हा जगात वारं कुठलं होतं? अमेरिकेत 1948 साली 5,209 लोकांना घेऊन सुरू झालेला फ्रॅमिंगहॅम अभ्यास कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांच्याकडे बोट दाखवत होता. आणि इथं उत्तरेतली मंडळी स्निग्ध पदार्थ कितीतरी पट जास्त खात होती (बहुतेक दुधातुपातूनच), विडी-सिगारेटही जास्त ओढत होती, तरी मरत कमी होती. मल्होत्रांनी बोट ठेवलं ते चरबीच्या प्रकारावर आणि खाण्याच्या पद्धतीवर.

मला या पेपरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा छेद. हृदयविकारानं किती मेले हे कुठलंही हॉस्पिटल सांगेल, पण किती जणांपैकी? त्या काळात आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या मृत्यूंची धड नोंदच होत नव्हती, कारण लिहिणं तर लांबच. रेल्वेत मात्र प्रत्येक माणसाचं नाव मस्टरवर, वय सर्व्हिस बुकात, आजारपण रेल्वेच्याच दवाखान्यात. इगतपुरी-मनमाडचा खलाशी असो की मद्रासचा क्लार्क, अंश आणि छेद दोन्ही एकाच खात्याकडे. नाशिकरोडला गाडीची वाट बघताना हे आठवलं की त्या निळ्या-लाल डब्यांपेक्षा मागच्या कारकुनीचाच आदर वाटतो.

पण मस्टरमध्ये एक चाळणीही असते. रेल्वेत भरती होतानाच मेडिकल होतं. ड्रायव्हरला तर 'ए-वन' कॅटेगरी लागते. म्हणजे हे लोक सर्वसाधारण जनतेपेक्षा सुरुवातीलाच धडधाकट. त्यामुळे त्यांचा दर उचलून अख्ख्या भारताला लावता येत नाही. उत्तर-दक्षिण तुलनेला याचा त्रास कमी, कारण चाळणी दोन्हीकडे तीच. खरी अडचण पुढे आहे. तुलना प्रदेशांची झाली. पंजाबात तूप जास्त आणि मृत्यू कमी, एवढं त्यातून दिसतं. तूप खाणारा *तो* माणूस वाचला का, हे दिसत नाही. दोन प्रदेशांत तुपाशिवाय मधुमेह, अंगमेहनत, डॉक्टरांची निदानाची सवय असं काय काय वेगळं असू शकतं. गटाचा निष्कर्ष व्यक्तीच्या गळ्यात बांधण्याच्या या चुकीला 'इकॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात. पेट किंवा मुलाखतीत हे विचारलं तर मल्होत्रांचं उदाहरण द्या, कोणी विसरणार नाही.

व्यक्तीपर्यंत पोचायला 2004 उजाडलं. 'इंटरहार्ट' हा 52 देशांतला केस-कंट्रोल अभ्यास: पहिला अटॅक आलेले सुमारे 15 हजार आणि न आलेले तितकेच. धूम्रपान, बिघडलेली चरबी, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि मद्यपान, या नऊ गोष्टींत बहुतेक सगळा धोका मावतो असं त्यातून निघालं. दक्षिण आशियाचा भाग 2007 साली 'जामा'त स्वतंत्रपणे आला, पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी.

आता दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. मल्होत्रांनी मोजले ते फक्त मेलेले. इंटरहार्टनं मोजले ते फक्त जिवंत हॉस्पिटलपर्यंत पोचलेले, कारण प्रश्नावली भरायला माणूस शुद्धीवर हवा. घरी किंवा रस्त्यातच गेलेला इंटरहार्टच्या हाती लागत नाही, आणि अटॅकमधून वाचून पुन्हा ड्यूटीवर आलेला मल्होत्रांच्या. त्यामुळे दोघांची उत्तरं जुळली नाहीत म्हणून लगेच एकाला खोटं ठरवू नका. दोघांची 'केस'च वेगळी आहे. सिनॉप्सिसमध्ये केस डेफिनिशनला आपण दोन ओळी देतो, तिथं खरं तर एक पान लागतं.

2007च्या पेपरातला गाजलेला आकडा वयाचा: पहिल्या अटॅकचं सरासरी वय आपल्याकडे 53, इतरत्र 58.8. यावरून 'आपल्या जीन्सच तशा' असं म्हणून लोक मोकळे होतात, आणि मग सिगारेट सोडायचं कारणच उरत नाही. एक तर आपली लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे सरासरी थोडी खाली येणारच. दुसरं, त्याच पेपरात पुढं वाचलं तर दिसतं की साठीच्या आतल्या आपल्या लोकांत हे धोक्याचे घटकच जास्त होते. नऊ घटक आणि वय हिशेबात घेतल्यावर, अटॅक चाळिशीच्या आत येण्याची शक्यता इथं आणि इतर देशांत जवळपास सारखीच निघाली.